गीत : पारंपरिक

खणभागात माझा छापखाना.
हळदीच्या अडत्यांची पावतीबुकं, लग्नपत्रिका,
कधी दहाव्याची कार्डं, रातोरात.
इलाही शिकलगार पाठीला गिटार बांधून आला
तेव्हा वाटलं, वरातीच्या बँडचं बिलबुक असेल.
म्हणाला, सीडीचं कव्हर. तीनशे प्रती. उधार नाही.

अकरा गाणी. सहा जुनी, पाच त्याची स्वतःची.
गिटार जुनीच, मोडीत निघालेली.
मिरजेत सतारी करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं
घोडी कानसून तिला किंचित जवारी दिलेली,
त्यामुळे पवाडा सुरू झाला
की सहांतली एक तार तुणतुण्यासारखी नाकात बोलायची.

आणि गाणी भरली कुठं, तर हरिपुरात,
हळदीच्या रिकाम्या पेवात.
दोन दिवस तोंड उघडं ठेवलं,
मग दोरीनं कंदील सोडून पाहिला.
विझला नाही. मग शिडी.
आत आवाज घुमत नाही, म्हणाला,
मांडी घालून बसतो.
चौथ्या गाण्यात मधेच खोकलाय.
हळदीचा ठसका. तसाच ठेवलाय.

मी यादी जुळवली.
जिथं त्याचं होतं तिथं त्याचं नाव,
जिथं कुणाचं नव्हतं तिथं : पारंपरिक.
मापात बसणारा शब्द,
मानधन मागायला येत नाही.
सहा ओळी, सहा वेळा तोच.

घड्या मारायला बेडगचा पोरगा होता, निशांत वायदंडे.
सातव्या की आठव्या कव्हराला थांबला.
मालक, ह्यो काशा नावाड्याचा पवाडा
आमच्या आजीचा हाय.
म्हटलं, गात असेल.
न्हाई. केलाय तिनं.

दुसऱ्या दिवशी तिला मोटरसायकलवर घेऊन आला.
सुलाबाई वायदंडे. फडात होती, बावीस वर्षं.
कागदाच्या रिमांवर बसली, चप्पल बाहेर काढून.
इलाहीनं मोबाइलवर पवाडा लावला.
पुराचं पाणी, तीन दिवस, एकटा काशा,
ह्या काठाची माणसं त्या काठाला,
शेवटी जयजयकार.
ती ऐकत होती, बोटानं गुडघ्यावर ठेका.
संपल्यावर म्हणाली,
वाजवतोस ग्वाड. पर नववं कडवं कुठं टाकलंस?

इलाहीला आठच ठाऊक होती.
ज्यांनी त्याला शिकवलं त्यांनाही आठच.
मशीन बंद केलं मी.
तिनं गायलं नाही, नुसतं सांगितलं,
किराणाची यादी सांगावी तसं :

तीन दिसांनी पाणी वसरलं, जो तो गेला घराला
काशा बसला काठावरती हात लावुनी शिराला
म्हणं, उतराई द्या रं बाबांनो, दोर लागतो नावेला
मानकरी तर पांगले सारे, काशा उरला पुराला

मग कुणीच काही बोललं नाही.
बाहेर कुणी तरी डिलिव्हरीचा टेम्पो मागं घेत होतं.

इलाही म्हणाला, पुन्हा पेवात उतरतो.
पण पावसाळा तोंडावर, सीड्या भरून झालेल्या,
आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडचे पैसे संपलेले.
मी म्हटलं, निदान नाव घालू. पारंपरिक खोडतो.
सुलाबाई म्हणाली, नाव घाला न्हाईतर नका घालू,
त्येचं मागणं तेवढं घाला.

मागच्या बाजूला तळाशी दीड इंच जागा होती,
माझ्या छापखान्याचं नाव, पत्ता, दोन फोन नंबर.
ते काढलं. चार ओळी बसल्या, बारीक टाइपात.
नाव मात्र मी घातलंच, तिला न विचारता.
वायदंडेतला 'दं' पहिल्या खेपेला चुकला,
पन्नास प्रती रद्दीत गेल्या, त्या माझ्या खर्चानं.

निघताना तिनं किंमत विचारली.
इलाही हात जोडून, मावशी, तुमच्याकडून कसले...
ती ऐकेना. कनवटीची गाठ सोडली,
दहा-दहाच्या पंधरा नोटा मोजल्या,
थुंकी लावून, दोनदा.

घरी वाजवायला काही नाही तिच्याकडे.
सीडी पदरात गुंडाळली
आणि निशांतच्या मागं बसून गेली, एका अंगानं.
इलाही नोटा हातात धरून उभा,
खिशात घालायचं त्याला सुचेना.